आपल्या हायकूत टँकर हवाच

इन्स्टाग्रामवर मराठी हायकू शोधून बघा. चेरीची फुलं सापडतील, बर्फ सापडेल, धुक्यातला लाकडी पूल सापडेल. लिहिणारा बसलेला असतो लातूरच्या एखाद्या हॉस्टेलच्या गच्चीवर, नाहीतर नांदेडात विष्णुपुरीकडं निघालेल्या ऑटोत. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि कवितेत मात्र हिमवर्षाव चालू! चेरीचं झाड आपल्यापैकी किती जणांनी बघितलंय? मी तरी नाही.

हे चिडवायला लिहीत नाहीये. ज्यांना या तीन ओळींचा नाद लागलाय त्यांच्यासाठीच हे आहे. कारण हायकूचा जपानी नियम नीट वाचला तर तो चेरीबद्दल नाहीच. तो एवढंच म्हणतो, की तुमच्या दारात आत्ता कोणता ऋतू आहे ते सांगा.

थोडी पार्श्वभूमी, मग आपल्या शेतात येऊ. पूर्वी जपानात कवी जमून साखळीनं कविता रचायचे, एकानं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं पुढचं जोडायचं. पहिल्या कडव्यावर एक जबाबदारी असायची, मैफल कोणत्या ऋतूत भरलीय ते सांगण्याची. सतराव्या शतकात बाशोनं (१६४४ ते १६९४) या पहिल्या कडव्याला मोठी उंची दिली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकीनं ते साखळीतून पूर्ण सोडवलं आणि त्याला हायकू हे नाव रूढ केलं. साखळी गेली, ऋतू मात्र राहिला. त्या ऋतू सांगणाऱ्या शब्दाला जपानीत 'किगो' म्हणतात, आणि अशा शब्दांचे चक्क कोश असतात. कोणता पक्षी, कोणतं फूल, कोणता सण, कोणती भाजी कोणत्या ऋतूची, सगळं त्यात लावून ठेवलेलं. तिथल्या जुन्या पंचांगात तर वर्षाचे ७२ तुकडे पाडलेत, एकेक तुकडा साधारण पाच दिवसांचा.

भारतात हायकूची ओळख जुनी आहे. रवींद्रनाथ टागोर १९१६ मध्ये जपानला गेले आणि त्या प्रवासावरच्या पुस्तकात त्यांनी बाशो बंगालीत आणला. मराठीत हायकू म्हटलं की पहिलं नाव शिरीष पै यांचं. आचार्य अत्र्यांच्या या लेकीनं (१९२९ ते २०१७) 'ध्रुवा', 'फक्त हायकू' अशा संग्रहांतून ही कविता मराठीत रुजवली. त्यांनी पाच-सात-पाच अक्षरांचा हट्ट धरला नाही. तीन ओळी, एक क्षण, पुष्कळदा यमक, असा त्यांचा घाट. आज जे मराठीत हायकू लिहितात त्यांच्यात मग दोन पंथ दिसतात, अक्षरं मोजणारे आणि न मोजणारे. मी मोजणाऱ्यांतली. जपानीत जे मोजतात ते बरोबर आपलं अक्षर नसतं, त्याहून बारीक तुकडा असतो, पण आपल्यासाठी अक्षर पुरतं. जोडाक्षर एकच धरायचं, अर्धं अक्षर सोडून द्यायचं. आणि हे काही परकं नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे असतात. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या. अक्षरांचा हिशेब ठेवणारी कविता या मातीत सातशे वर्षं आहे.

आता मुद्द्याचं. जपान्यांचा तो ऋतुशब्दांचा कोश बघून आपण हरखून जातो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, की पावसाळ्यात काय काय येतं. माझी आजी 'जून', 'जुलै' असं म्हणतच नाही. ती म्हणते रोहिणी, मृग, आर्द्रा. पुनर्वसूचा पाऊस म्हणजे तरणा पाऊस. त्यानंतर पुष्याचा, तो म्हातारा पाऊस. मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि शेवटाकडं हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि पंचांगात त्या नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी मोर. त्यावरून पाऊस कसा पडेल याची घरोघर चर्चा. हा कोश नाही तर काय आहे? फरक एवढाच की जपान्यांनी छापून कवींच्या हातात दिला आणि आपला पंचांगात आणि आजीच्या तोंडात राहिला. 'तरणा पाऊस' या दोन शब्दांत जे आहे ते सांगायला मला एरवी एक परिच्छेद लागेल.

यावर तुम्ही म्हणाल, मॅडम, मृग लागतो पण पाऊस कुठं असतो? बरोबर आहे. पण हा प्रश्न फक्त आपला नाही. क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांपासूनच्या आहेत, आणि २०२१ मध्ये तो बहर २६ मार्चलाच भरात आला, तोपर्यंतच्या नोंदींत सगळ्यात लवकर. म्हणजे ऋतुशब्द तिकडंही आपली जागा सोडायला लागलेत. मग कवीनं काय करायचं? माझ्या मते जे दिसतं ते लिहायचं. मृग कोरडा गेला तर 'कोरडा मृग' हाच ऋतुशब्द. सोयाबीनची रास व्हायच्या वेळी पाऊस आला तर तोही ऋतूच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती कुठल्याच सहा ऋतूंच्या तक्त्यात बसत नव्हती, पण ज्यांच्या शेतात ती झाली त्यांच्यासाठी त्या वर्षीचा ऋतू तोच होता.

यातूनच मी टँकरपर्यंत आले. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवतं का? आपण तेव्हा शाळेत. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोचली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. देशभरातले कॅमेरे आले. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला मराठवाडा म्हटलं की वाळवंट डोळ्यांसमोर येतं. आता वाळवंट म्हणजे साधारणपणे वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस. लातूरची सरासरी त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. म्हणजे आपण वाळवंटात राहत नाही, काही वर्षी वाळवंटासारखं जगतो. (मधल्या पाण्याचं काय होतं, हा उसाला विचारायचा प्रश्न आहे, आणि तो लेख वेगळा.) पण ज्या गल्लीत फाल्गुनापासून टँकरची वाट बघतात, तिथं टँकर हा कोकिळेइतकाच ऋतू सांगणारा आवाज आहे. नुसता 'टँकर' म्हणा, महिना सांगावा लागत नाही. किगोची व्याख्या हीच तर आहे.

फक्त एक खड्डा सांभाळा. दुष्काळावर लिहायला घेतलं की हात आपोआप भाषणाकडं वळतो. हे बघा:

दुष्काळ आला
शेतकरी रडतो
देव कुठे रे

मोजा, पाच-सात-पाच बरोबर आहे. पण यात कुणी काहीच बघितलेलं नाही. हे कुठल्याही गावाबद्दल, कुठल्याही वर्षाबद्दल, शेतात एकदाही न जाता लिहिता येतं. उदाहरण म्हणून रचायला मला अर्धं मिनिट लागलं. आता हा दुसरा प्रयत्न:

टँकर गेला
ओल्या चाकोऱ्यांवर
चिमण्या चार

यात दुष्काळ हा शब्द नाही, रडणं नाही. टँकर गळत गेला, चाकांच्या खुणा ओल्या राहिल्या, तेवढ्या पाण्यावर चिमण्या आल्या. बाकीचं वाचणाऱ्यानं करायचं. हा काही थोर हायकू आहे असं नाही, पण दोन्हींतला फरक लक्षात यावा. जपानी हायकूत दोन चित्रांच्या मध्ये एक फट असते, ती दाखवायला त्यांच्याकडं खास शब्द आहेत. आपल्याकडं ओळ मोडली तरी काम होतं. 'जणू', 'जसं काही' असे शब्द आले की ती फट बुजते, म्हणून ते शक्यतो टाळावेत.

कुणी विचारेल, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही चिमण्या मोजताय? मलाही हा प्रश्न छळतो, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. पण जिथं काहीच सुंदर नव्हतं तिथंही माणसांनी हायकू लिहिलेत, हे मला माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरातून उचलून छावण्यांत डांबलं. यातल्या कित्येक छावण्या खऱ्याखुऱ्या वाळवंटात होत्या, ॲरिझोनातली गिला रिव्हर, युटामधली टोपाझ. त्यांच्यात कॅलिफोर्नियातल्या हायकू मंडळांची माणसं होती. त्यांनी तिथंही लिहिणं सोडलं नाही, आणि जुन्या साच्याला धरून न राहता मुक्त हायकू लिहिले. पुढं त्यांच्यातल्याच एक, व्हायोलेट काझुए दे ख्रिस्तोफोरो यांनी ते गोळा करून १९९७ मध्ये 'मे स्काय' नावाचा संग्रह काढला. त्या वाळवंटातही चेरी नव्हती. होती ती धूळ आणि काटेरी तार, आणि तेच त्यांच्या कवितेचं रान झालं.

आपल्याकडं तर धुळीच्या पलीकडंही पुष्कळ आहे. वेळ अमावस्याच घ्या. पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगा, त्यांना काही कळणार नाही, आणि लातूर-धाराशिवच्या माणसाला नुसतं 'येळवस' म्हणा, तो डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात जाऊन बसलेला असेल. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील, भोवती हरभरा आणि डोलणारी ज्वारी. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात जातो.

येळवशीला
कोपीपुढे चपला
शहरातल्या

त्याच सुमाराला नांदेडकरांसाठी माळेगावची जत्रा, घोडे आणि उंट आणि खंडोबाचा भंडारा. किनवट-माहूरकडं फाल्गुनात पळस पेटतो. पूर्वी हिवाळ्याच्या शेवटी करडीची काटेरी पिवळी फुलं शेतोशेत दिसायची, आता सोयाबीननं सगळी जागा घेतलीय आणि करडी शोधायला जावं लागतं. शब्दही तसाच शोधावा लागेल काही वर्षांनी. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ च्या. ते हायकू नव्हेत, पण पिकाला पिकाच्या नावानं हाक मारली की कविता किती जिवंत होते ते बघायचं तर आधी तेच पुस्तक उघडा, हायकू संग्रह नंतर.

आणि शेत नसलेल्यांचं काय? ट्यूशन एरियातल्या खोलीत बसलेल्यालाही ऋतू असतोच. लातूर पॅटर्नचा स्वतःचा पंचांग आहे, मे महिन्यात नीट, मग निकाल, मग नव्या मुलांच्या गाद्या आणि बादल्या घेऊन आलेले ऑटो. मेसच्या पातळ वरणावर तीन ओळी सुचल्या तर त्याही लिहा, फक्त त्यांना हायकू म्हणू नका. ऋतू नसलेली, माणसाच्या गमतीवरची तीन ओळींची कविता जपान्यांकडं वेगळी आहे, तिला सेनर्यू म्हणतात. ती लिहायला हॉस्टेलसारखी जागा नाही. पण खिडकीतून वारा आत आला तर तिथंही हायकू होतो:

मृगाची सर
उत्तरपत्रिकेला
मातीचा वास

सुरुवात कशी करायची म्हणाल तर वहीत कविता लिहूच नका, आधी शब्द लिहा. दर नक्षत्राला एक पान. त्या तेरा-चौदा दिवसांत दिसलं, ऐकलं, खाल्लं ते टिपायचं, तारीख आणि गावासकट. घरी फोन कराल तेव्हा जेवलास का, पैसे पाठव, याच्यापुढं जाऊन विचारा, शेतात आत्ता काय चाललंय. गावाकडचा शब्द जसाच्या तसा उतरवा, पुस्तकी करू नका. 'करडी'ची 'करडई' केली की अक्षरं तर वाढतातच, वासही जातो. नांदेडात आणि लातुरात एकाच गोष्टीला वेगळे शब्द निघतील, दोन्ही ठेवा. अक्षरं नंतर मोजता येतात.

रोहिणी आता संपत आल्यात. सात-आठ जूनला मृग लागेल, पाऊस येवो न येवो. पहिलं पान त्या दिवसाचं. माझ्या वहीत आत्ताच एक नोंद आहे: गच्चीवरची टाकी, दुपारी बारा, आतून येणारा रिकामा आवाज. त्याला नेमका शब्द काय, ते आजीला विचारायचंय.