मनोविकारांचे आनुवंशिक संशोधन : सहभाग कोणाचा, संमती कशाची ?

कार्बामाझेपिन हे फेफऱ्यावर आणि उन्मादाच्या विकारावर दिले जाणारे जुने औषध आहे. बहुतेक रुग्णांना ते मानवते. काही थोड्यांच्या अंगावर मात्र या औषधाने फोड येतात, कातडी भाजल्यासारखी सुटू लागते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. हे काहींच्याच बाबतीत का घडावे, याचे उत्तर २००४ साली तैवानमधील संशोधकांना मिळाले. ही विक्रिया झालेले ४४ रुग्ण त्यांनी तपासले. त्या सर्वांमध्ये एका जनुकाचे एक विशिष्ट रूप आढळले. हे रूप आग्नेय आशियात बऱ्याच लोकांत असते आणि भारतातही सापडते. युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र ते जवळजवळ नसते. शोध केवळ युरोपात घेतला असता, तर हे कारण हाती लागणे कठीण होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी तपासणी करण्याची सूचना दिली, ती याच शोधाच्या आधारे.

संशोधनात कोणत्या समाजाची माणसे घेतली जातात, हा प्रश्न किती निकडीचा आहे याची यावरून कल्पना येईल. मनोविकारांच्या आनुवंशिक संशोधनाचे आजचे चित्र मात्र एकांगी आहे. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या विकाराचा फार मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ अन्य व्यक्ती यांची माहिती तपासून विकाराशी संबंध असलेली २८७ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली. सहभागी व्यक्तींत युरोपीय वंशाचे लोक बहुसंख्य होते. त्यांच्या खालोखाल पूर्व आशियातील लोक होते. सर्वच आजारांच्या अशा अभ्यासांचा २०१९ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे असल्याचे दिसून आले. जगाच्या लोकसंख्येत हा वंश सुमारे १६ टक्के आहे. अशा माहितीवरून आखलेले अनुमानाचे गणित इतरांना लावले की ते कमी अचूक ठरते, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बाबतीत तर ते फारच घसरते.

भारतात या दिशेने काम सुरू झाले आहे. चेन्नईची स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था आणि ऑस्ट्रेलियातील संशोधक यांनी सुमारे ३,००० व्यक्तींचा अभ्यास करून २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातील ८३ लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींची जनुकीय माहिती जमा झाली असून, जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी उपलब्ध करून देण्यात आली. आपल्याकडे जातीतल्या जातीत विवाह करण्याची रीत शतकानुशतकांची असल्याने एका समूहाचा निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. मनोविकारांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. संशोधक रुग्ण शोधतात ते रुग्णालयात. जो दवाखान्याची पायरीच चढला नाही, तो संशोधनातही येत नाही.

लोक का येत नाहीत ?

अशिक्षितपणा हे याचे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. घरात मनोरुग्ण असल्याची वार्ता गावात पसरली की मुलीचे लग्न अडते, सोयरीक मोडते, ही भीती सुशिक्षितांच्या घरीही तितकीच आहे. त्यात 'आनुवंशिक' हा शब्द ऐकला की संपूर्ण कुळालाच डाग लागणार असे वाटू लागते. वस्तुतः वेडाचे असे एकच एक जनुक नाही. शेकडो जनुकीय भेद प्रत्येकी अल्पसा वाटा उचलतात आणि परिस्थितीचाही त्यात हात असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला छिन्नमनस्कता असली, तरी दहा मुलांपैकी साधारण नऊ जणांना हा विकार होत नाही. नमुना मागण्यापूर्वी ही गोष्ट सांगितली गेली, तर बरीच भीती ओसरेल.

दुसरी भीती संशोधकांविषयीची आहे, आणि ती निराधार म्हणता येत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या तळाशी हवासुपाई ही सुमारे साडेसहाशे लोकवस्तीची आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण फार. १९९० पासून राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. मधुमेहाचे कारण सापडेल, अशी लोकांची समजूत होती. संमतिपत्रावर मात्र 'वर्तनविषयक व वैद्यकीय विकार' असे मोघम शब्द होते आणि अनेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. पुढे तेच रक्त छिन्नमनस्कता, जमातीतील आप्तविवाह आणि तिच्या पूर्वजांचे स्थलांतर या विषयांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपला उगम याच दरीत झाला अशी या लोकांची श्रद्धा. संशोधनाने तिच्याविरुद्ध बोलावे आणि तेही त्यांच्याच रक्ताच्या आधारे, याचा त्यांना धक्का बसला. २००३ साली जमातीतील एक स्त्री विद्यापीठात एका प्रबंधाचे विवेचन ऐकावयास गेली असता हा प्रकार उघडकीस आला. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४१ व्यक्तींना एकूण सात लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि उरलेले नमुने जमातीच्या स्वाधीन केले. रक्त देताना सही झाली होती, हे खरे. पण ती सही कशाला झाली, हे सही करणाऱ्यास ठाऊक नव्हते.

विचारण्याची रीत

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतील आहे. इथिओपिया, केनिया, युगांडा व दक्षिण आफ्रिका या चार देशांत 'न्यूरोगॅप-सायकोसिस' हा अभ्यास हाती घेण्यात आला. सुमारे १७,००० रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती, असे त्याचे प्रारंभीचे उद्दिष्ट होते. तेथे रक्ताऐवजी लाळेचा नमुना घेतला गेला. माहितीपत्रके अम्हारिक, स्वाहिली, खोसा, लुगांडा अशा स्थानिक भाषांत तयार झाली. माहिती सांगून झाल्यावर सहभागी व्यक्तीलाच प्रश्न विचारले जात : हा अभ्यास कशासाठी आहे ? भाग घेणे सक्तीचे आहे काय ? मध्येच सोडल्यास नेहमीचे उपचार मिळतील काय ? उत्तर चुकले तर तो भाग पुन्हा समजावून सांगितला जाई आणि प्रश्न पुन्हा विचारला जाई. या पद्धतीत परीक्षा खरे तर समजावणाऱ्याची होते. आपल्याकडे मराठीतच नव्हे, तर गोंडी, कोरकू वा भिलीतही अशी प्रश्नोत्तरे तयार होऊ शकतील. 'जनुक' या शब्दापेक्षा 'रक्तातून आलेला गुण' हे शब्द वाडीवस्तीवर लवकर कळतात.

भारतात या बाबतीत कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९९ नुसार मनोरुग्णावर संशोधन करावयाचे तर त्याची मुक्त व माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल, परंतु विरोधही करीत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नुसत्या नातेवाइकाच्या अंगठ्याने भागत नाही.

सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांची भूमिका येथे नाजूक होते. पथक गावात आले की प्रथम त्यांच्याकडेच येते आणि त्यांच्या शब्दाला मान असतो. नेमके याच कारणाने त्यांनी 'द्या हो रक्त' असे म्हणणे इष्ट नाही. सरपंचांनी सांगितल्यावर नाही म्हणण्याची सोय गरिबाला उरत नाही. पथकाला ग्रामसभेत बोलण्यास जागा द्यावी, नीतिमत्ता समितीचे मंजुरीपत्र पाहावयास मागावे आणि नमुना कोठे ठेवला जाणार, अन्य संशोधनास दिला जाणार काय, परदेशी जाणार काय, हे सर्वांसमक्ष विचारावे. कोण आले व कोण नाही, याची यादी मात्र चावडीवर लावू नये.

दिलेली संमती पुढे मागेही घेता येते. तसे केल्यास उरलेला नमुना नष्ट करता येतो; परंतु जी माहिती आधीच हजारो लोकांच्या आकड्यांत मिळवली गेली, ती वेगळी काढता येत नाही. ही मर्यादा नमुना घेण्यापूर्वीच सांगावयास हवी.