ज्ञानसंग्रहांतील विधानें : भर आणि दुरुस्ती

हस्तलिखितें व अस्सल कागद यांविषयींची माहिती संगणकावरील ज्ञानसंग्रहांत घालण्याचें काम आतां कित्येक संस्था व संग्राहक करूं लागले आहेत. सूचीच्या वहींत एक ओळ वाढविणें आणि ज्ञानसंग्रहांत एक विधान घालणें हीं कामें एकाच जातीचीं, असा समज होण्याजोगा आहे. परंतु तो बरोबर नाहीं. वहींतील ओळ मनुष्य वाचतो आणि ती विसंगत दिसली तर थबकतो. ज्ञानसंग्रहांतील विधानावरून यंत्र स्वतःच पुढचीं अनुमानें काढीत जातें. म्हणून विधान घालावें कसें व बदलावें कसें, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

अशा संग्रहांत दोन प्रकारचीं वाक्यें असतात. कांहीं वस्तुस्थिति सांगतात. उदाहरणार्थ, 'अमुक पुरुषाचा जन्म अमुक दिवशीं झाला.' कांहीं नियमरूप असतात; जसें, 'जन्मदिवस व प्रसंगाचा दिवस ठाऊक असतां त्यांतील अंतर तें त्या वेळचें वय.' न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर पहिलीं पक्षधर्मतेच्या व दुसरीं व्याप्तीच्या ठिकाणीं आहेत. दोहोंच्या योगानें अनुमिति होते.

आमच्या वाचकांच्या परिचयाचें उदाहरण घेऊं. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ वैशाख शुद्ध २, म्हणजे सन १६२७, असें बखरींच्या आधारें मानण्यांत येत असे. हें विधान संग्रहांत असतें, तर राज्याभिषेकसमयीं, ६ जून १६७४ रोजीं, महाराजांचें वय ४७ होतें, असें यंत्रानें काढलें असतें. पुढें १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, अशी जन्मतिथि निघाली. आणि १९२७ सालीं दिवेकरांनीं प्रकाशित केलेल्या परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. अशा वेळीं संग्रहाच्या चालकानें काय करावें?

नवें विधान जुन्याशेजारीं नुसतें ठेवून दिलें, तर व्याघात उत्पन्न होतो; आणि रूढ तर्कशास्त्राप्रमाणें परस्परविरुद्ध विधानांवरून वाटेल तें सिद्ध करतां येतें. जुनें विधान पुसून टाकलें, तर बखरींची साक्षच नाहींशी होते. आणि उद्यां बखर वाचणारा दुसरा कोणी तेंच विधान नवा शोध म्हणून पुन्हा घालतो. दोन्ही मार्ग त्याज्य आहेत. 'जन्म शके १५४९ त झाला' हें विधान मागें घ्यावें लागलें; परंतु 'बखरींत शके १५४९ दिला आहे' हें विधान तेव्हांही खरें होतें व आजही खरें आहे. साक्ष आणि सिद्धांत यांतील हा भेद राखणें हेंच दुरुस्तीचें सारें मर्म होय.

२०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटा या ज्ञानसंग्रहांत याची सोय केलेली आढळते. तेथें प्रत्येक विधानास आधार जोडतां येतो, आणि ग्राह्यतर, सामान्य व अग्राह्य असे तीन दर्जे देतां येतात. अग्राह्य विधान पुसलें जात नाहीं. कारणासह जागेवर राहतें, मात्र सामान्य प्रश्नाच्या उत्तरांत येत नाहीं.

आतां अनुमानांविषयीं. जॉन डॉइल यांनीं १९७९ सालीं अशी पद्धति मांडली कीं, प्रत्येक निष्कर्षाबरोबर त्याचीं कारणेंही नोंदावीं. म्हणजे मूळ विधान मागें घेतांच त्यावर अवलंबून असलेले निष्कर्षही मागें घेतां येतात. ४७ जाऊन ४४ येतात. राज्याभिषेकाच्या दिनांकास मात्र धक्का लागत नाहीं. परंतु कोणी ४७ हा आंकडा निराधार विधान म्हणून हातानें लिहून ठेवला असेल, तर यंत्रास तो ओळखतां येत नाहीं. म्हणून जें अनुमानानें निघतें, तें स्वतंत्र वस्तुस्थिति म्हणून लिहूं नये.

नियम सुधारतांनाही हीच सावधगिरी हवी. शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो, हा उत्सर्ग. जानेवारी लागल्यावर शक संपेपर्यंत ७९ मिळवावे, हा अपवाद. फाल्गुन शके १५५१ ला उत्सर्ग लावला तर १६२९ हें चुकीचें साल निघतें. तथापि उत्सर्ग खोडण्याचें कारण नाहीं, अपवाद जोडावा. कात्यायनानें वार्त्तिकें रचलीं, तेव्हां पाणिनीचीं सूत्रें पुसलीं नाहींत. तसेंच दिनांकासवें पंचांगही नोंदावें. १९ फेब्रुवारी १६३० हा जूलियन दिनांक आहे. ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च होतो. पंचांग न सांगितल्यास जेथें विरोध नाहीं तेथें विरोध भासेल.

हीं पथ्यें लहान वाटतील. तथापि कागद जीर्ण होतात, दफ्तरें विकलीं जातात, आणि पुष्कळदां मागें केवळ नोंद उरते. त्या नोंदीबरोबर तिचा आधार, तींत झालेला बदल व त्या बदलाचें कारण हीं उरलीं, तरच पुढच्या अभ्यासकास तिची परीक्षा करतां येईल. नाहीं तर आपले ज्ञानसंग्रह म्हणजे नव्या काळच्या बखरीच ठरतील. आणि त्या तपासावयास जेधे शकावलीसारखा कागद दर वेळीं सांपडेलच असें नाहीं.