54 मिलीवरची चिकटपट्टी

पॅरासिटामॉलची शंभर मिलीची बाटली सलाईनच्या स्टँडला टांगायच्या आधी सिस्टर तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावते. बाटलीत औषध एक ग्रॅम. समोरच्या मावशीचं वजन सकाळी काट्यावर 36 किलो भरलं. पन्नासच्या आतल्या माणसाला किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 540. चोपन्न मिली गेलं की थेंब बंद.

गडचिरोलीतल्या शस्त्रक्रिया शिबिरांना मी भूल द्यायला येते. एरवी नागपुरात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियाही असतात. सव्वाशे किलोच्या माणसालाही एका वेळी हीच एक ग्रॅमची बाटली. त्याच्या वजनाबरोबर यकृत काही तेवढं वाढलेलं नसतं. त्यातले बरेच जण घोरतात, झोपेत श्वास मधेच अडतो. फेंटानिल, मॉर्फिन सढळ हातानं दिलं तर रात्र धोक्याची होते. म्हणून दुर्बिणीच्या छिद्रांभोवती बधिरतेचं इंजेक्शन, वेळच्या वेळी पॅरासिटामॉल, आणि मॉर्फिनच्या जातीचं औषध अगदी लागलंच तर. पोटाचा बायपास झालेल्याला तर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पुढेही टाळाव्या लागतात, पोटाच्या नव्या जोडाशी अल्सर होतो.

इकडे अडचण वेगळी. तिकडचा रुग्ण बेल दाबतो, इकडची मावशी दाबत नाही.

पहिल्या शिबिरात मी एका बाईला विचारलं होतं, "दुखते का?" "नाई जी." मी कागदावर शून्य लिहिलं आणि झोपायला गेले. पहाटे तिची जाऊ म्हणाली, ही रातभर बसूनच आहे. ते शून्य माझं होतं, तिचं नव्हतं.

तेव्हापासून मी तसं विचारत नाही. घडी केलेलं लुगडं टाक्यांवर दाबून धरायला सांगते आणि म्हणते, "मावशी, खोकून दाखवा." कूस बदलता येते का, खोल श्वास घेता येतो का, ते बघते. दुखण्याच्या भीतीनं उथळ श्वास घेणाऱ्याच्या छातीत कफ साचतो, मग ताप. शिवाय या भागात सिकलसेल आहे. तो आजार असलेल्या रुग्णाला पांघरूण, पाणी आणि दुखणं, तिन्हींत हयगय चालत नाही.

नातेवाइकांना तर मी कधी वॉर्डाबाहेर काढत नाही. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी माँ दंतेश्वरी दवाखाना लोकांना विचारून झोपड्यांसारखा उभारला, सोबतच्या माणसांना राहता येईल असा. रात्री वॉर्डात फिरताना त्यातलं शहाणपण कळतं. रुग्णाच्या कपाळावरची आठी आधी घरच्यांना दिसते.

पाठीतल्या इंजेक्शनची भूल दोन-तीन तासांत उतरते. पाय हलू लागायच्या आतच पहिली बाटली गेलेली बरी. दुखणं एकदा चढलं की त्याला उतरवायला दुप्पट औषध लागतं, असा माझा अनुभव. आज ती चारला दिली. आता रात्रीचे दहा. सिस्टर धानोऱ्याकडचीच, ती वाकून गोंडीत काहीतरी विचारते. मावशी बेंबीजवळच्या हर्नियाच्या टाक्यांवर लुगडं दाबते, खोकते, डोळे गच्च मिटते.

"सनकते जी," या वेळी ती आपणहून म्हणते.

सिस्टर दुसरी बाटली काढते आणि पट्टीचा तुकडा दातांनी तोडते.