घरातील प्रवाळ टाकी : कॅल्शियम आणि अल्कतेचा हिशेब

अ‍ॅक्रोपोरासारखे दगडी प्रवाळ आपला सांगाडा भोवतालच्या पाण्यातूनच घडवतात. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन ते अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचे, थर रचत जातात. दिवसा प्रकाशात हे काम अधिक वेगाने चालते, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला ऊर्जा पुरवतात. समुद्राला हा खर्च जाणवत नाही. घरातल्या दोनशे लिटरच्या टाकीत मात्र वाढणारे प्रवाळ हा साठा काही दिवसांत उपसून टाकतात आणि तो भरून काढण्याची जबाबदारी टाकी सांभाळणाऱ्यावर येते.

हा छंद जर्मनी आणि अमेरिकेत चांगलाच मुरला आहे. तेथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. भारतातली स्थिती वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते, म्हणूनच सांगाड्याच्या कच्च्या मालाचे माप म्हणून ती उपयोगी पडते. ती सामूपेक्षा वेगळी आहे: सामू पाणी या घडीला किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी आहे ते सांगतो, तर अल्कता त्यामागचा साठा दाखवते. छंदात ती बहुधा जर्मन अंशांत, म्हणजे डीकेएचमध्ये मोजतात. समुद्रात ती सुमारे ७ असते. टाकीत ७ ते ११ अल्कता आणि ३८० ते ४५० कॅल्शियम चालते.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेले गणित. कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात खर्च होतात: अल्कता २.८ अंशांनी घटते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम २० मिलिग्रॅमने घटते. दोनशे लिटरच्या टाकीतले प्रवाळ रोज १ अंश अल्कता वापरत असतील, तर दिवसाला सुमारे साडेतीन ग्रॅम सांगाडा तयार होतो. काहीच भर घातली नाही आणि वेग तसाच राहिला, तर आठवड्याभरात अल्कता ८ वरून १ वर येईल. कॅल्शियम मात्र ४२० वरून फार तर ३७० वर. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी प्रवाळांची वाढ खुंटते. नवशिके कॅल्शियमचा आकडा पाहून निर्धास्त राहतात आणि तिथेच फसतात. आधी आणि वारंवार मोजायची ती अल्कता.

दोन्ही आकडे चढे ठेवले की झाले, असेही नाही. समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटने मुळातच अतिसंपृक्त असते. त्यात आणखी भर पडली की प्रवाळांऐवजी पंप आणि हीटरवर चुन्याचे पापुद्रे बसू लागतात, प्रसंगी सारे पाणी पांढुरके होते. हा साका सहसा बसत नाही, याचे मोठे श्रेय मॅग्नेशियमला आहे. ते वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटून त्याची वाढ अडवते. त्यामुळे कितीही भर घालून कॅल्शियम आणि अल्कता टिकत नसतील, तर मॅग्नेशियम तपासावे.

प्रवाळ थोडे असतील तर नियमित पाणी बदलणे पुरते. त्यापुढची सर्वांत जुनी आणि साधी रीत म्हणजे चुन्याची निवळी. जर्मन भाषक जगात पीटर विल्केन्स यांनी ती रूढ केली. शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर घातली की दुधाळ होते तीच ही निवळी. लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम विरलेला चुना विरघळतो. गाळ खाली बसू देऊन वरचे नितळ पाणी घ्यायचे. चुना शुद्ध हवा, पानाच्या डबीतला नको. टाकीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी ही निवळी थेंबाथेंबाने सोडतात. तिचा सामू १२ च्या वर असल्याने घाई केली तर प्रवाळ होरपळतात. रात्री टाकीचा सामू उतरलेला असतो, म्हणून ती वेळ बरी. निवळीत दोन्ही घटक योग्य प्रमाणातच असतात, ही तिची खरी खुबी. मर्यादा बाष्पीभवनाची: वरच्या टाकीला रोज दीड लिटरहून थोडी अधिक निवळी लागेल, तेवढे पाणी उडायला हवे.

तेवढ्याने भागले नाही तर दोन द्रावणांची पद्धत येते. हान्स-व्हेर्नर बॉलिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. एका द्रावणात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात खाण्याचा सोडा. वरच्या टाकीला रोज सुमारे ६ ग्रॅम सोडा आणि ५ ग्रॅमहून थोडे अधिक पाणीयुक्त कॅल्शियम क्लोराइड लागते. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी कधीही ओतू नयेत. या जोडीतून साधे मीठ मागे उरते, महिन्याला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून क्षारता मोजत राहणे आणि पाणी बदलणे चुकत नाही. मोठ्या टाक्यांसाठी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर असतो. त्यात कार्बन डायॉक्साइडने पाणी आम्लधर्मी करून मृत प्रवाळांची खडी विरघळवतात आणि ते पाणी टाकीत सोडतात.

मात्रा ठरवायला सोपा मार्ग आहे. भर थांबवून सलग काही दिवस एकाच वेळी अल्कता मोजावी आणि रोजची घट काढावी. तेवढीच भर रोज, शक्यतो लहान हप्त्यांत विभागून घालावी. अल्कता ८ असावी की ९, याने फारसे बिघडत नाही. ती दिवसात एका अंशाहून जास्त हलू न देणे अधिक महत्त्वाचे. घसरलेला आकडाही एका झटक्यात वर आणू नये.

भर तीच असताना अल्कता चढू लागली, तर प्रवाळांनी सांगाडा बांधणे कमी केले असण्याची शक्यता असते. अशा वेळी मात्रा उतरवावी, पण तेवढ्यावर थांबू नये. तापमान, क्षारता आणि फॉस्फेट तपासावे. फॉस्फेट वाढले की सांगाड्याची वाढ मंदावते. प्रवाळांचा रंग उतरण्याआधीही हा बदल अल्कतेच्या नोंदींत दिसू शकतो.