एक चेहरा, दोन भाव

तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो एकदा नीट पाहा. एरवी तुम्ही खूप हसत असाल, पण त्या फोटोत कदाचित गंभीर दिसत असाल. फोटोत एका क्षणाचाच चेहरा येतो. पुढच्या क्षणी तोच चेहरा अगदी वेगळा दिसू शकतो.

'चेहरा' हा शब्द उर्दूप्रमाणे मराठीतही आहे. 'तस्वीर'ची मात्र मराठीत 'तसबीर' झाली! अशाच दोन तसबिरींची ही हकिकत आहे.

युसुफ कार्श हे आर्मेनियन छायाचित्रकार. त्यांचा जन्म १९०८ साली तुर्कस्तानातील मार्दिन या गावी झाला. तेथे आर्मेनियन लोकांचा फार छळ झाला, म्हणून त्यांच्या कुटुंबाला घरदार सोडावे लागले. सोळा वर्षांचा युसुफ कॅनडात मामाकडे आला. मामा छायाचित्रकार होते.

३० डिसेंबर १९४१ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी कॅनडाची राजधानी ओटावा येथील संसदेत भाषण केले. त्यानंतर त्यांचे छायाचित्र घ्यायचे होते. सभापतींच्या दालनात कार्श यांनी आदल्या रात्रीच दिवे मांडून ठेवले होते. पण चर्चिल यांना हे कोणी सांगितलेच नव्हते! दिवे लागताच ते चिडले. तरीही त्यांनी एका छायाचित्राला परवानगी दिली आणि चिरूट पेटवला.

तोंडात चिरूट असेल, तर ओठांवरचा भाव कसा दिसणार? कार्श यांनी राखदाणी पुढे धरली. चर्चिल काही चिरूट काढीनात. कार्श थोडे थांबले. मग पुढे झाले, नम्रपणे क्षमा मागितली आणि चर्चिल यांच्या तोंडातला चिरूट चक्क काढून घेतला! ते कॅमेऱ्याजवळ परत आले, तेव्हा चर्चिल त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत होते. त्याच क्षणी कार्श यांनी छायाचित्र घेतले.

या छायाचित्रात चर्चिल यांचा एक हात कमरेवर आहे, दुसरा खुर्चीच्या पाठीवर. भुवया आक्रसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. युद्धात होरपळणाऱ्या लोकांना त्या मुद्रेत शत्रूपुढे न वाकणारा ब्रिटन दिसला. खरे तर तो राग चिरुटाचा होता! २०१६ साली ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर हीच मुद्रा छापली गेली.

राग फार वेळ टिकला नाही. चर्चिल हसले आणि त्यांनी आणखी एक छायाचित्र घेऊ दिले. खोली तीच, दिवे तेच, माणूसही तोच. पण या छायाचित्रात घरातले प्रेमळ आजोबा उभे आहेत असे वाटते. ते पहिल्याइतके गाजले नाही. मला मात्र तेच अधिक आवडते.

ही दोन्ही छायाचित्रे कोठे मिळाली, तर शेजारी शेजारी ठेवा. आधी डोळे झाकून फक्त ओठ पाहा. मग ओठ झाकून फक्त डोळे पाहा. खरे हसू ओठांवरच थांबत नाही. गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि त्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. नंतर हात पाहा. कार्श हातांवरही मुद्दाम वेगळा प्रकाश टाकीत असत.