शनिवारची उपासना आणि जालन्याचं बेथेल

नेपाळमधल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या रविवारी नव्हे, शनिवारी उपासनेला जमतात. तिथली साप्ताहिक सुटी पूर्वापार शनिवारची, म्हणून पाळकांनीही तोच दिवस धरला. जालन्यातल्या एखाद्या चर्चच्या तरुण संघाने नेपाळची 'मिशन ट्रिप' काढायचं ठरवलं, तर प्रवास अवघड नाही. मनमाडहून गोरखपूरची रेल्वे, पुढे सुनौलीची सीमा, तिथून बसने पोखरा किंवा काठमांडू. भारतीयांना व्हिसाही लागत नाही. पण मुख्य कार्यक्रम रविवारी ठेवून गेलेल्यांना रिकामं चर्च बघून परतावं लागेल. आपली सवय तिथे चालत नाही, याचा हा सर्वांत निरुपद्रवी नमुना.

नेपाळच्या 1961च्या जनगणनेत ख्रिस्ती म्हणून नोंदले गेले फक्त 458 लोक. 2021मध्ये हा आकडा 5 लाख 12 हजारांवर, म्हणजे लोकसंख्येच्या 1.76 टक्क्यांवर गेला. याचं श्रेय परदेशी मिशनऱ्यांना देण्याची, किंवा त्यांच्यावर ठपका ठेवण्याची, घाई दोन्हीकडचे लोक करतात. प्रत्यक्षात 1951पर्यंतच्या राणा राजवटीत मिशनऱ्यांना देशात प्रवेशच नव्हता. त्याआधीची कथाही फार वेगळी नाही. अठराव्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यात आलेल्या कॅपुचिन धर्मगुरूंना राजा पृथ्वीनारायण शाहने 1769मध्ये बाहेर काढलं; त्यांच्याबरोबर निघालेले नेपाळी ख्रिस्ती बिहारमधल्या चुहारीत स्थायिक झाले.

पुढचं काम सीमेबाहेर राहूनच झालं, तेही मुख्यतः नेपाळ्यांच्या हातून. गंगाप्रसाद प्रधान हे मूळ काठमांडूचे नेवार, दार्जिलिंगला वाढलेले. 1901मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि 1914मध्ये संपूर्ण बायबल नेपाळीत आलं, त्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचा. त्याच सुमारास ते कुटुंबकबिल्यासह काठमांडूला राहायला गेले, तर सरकारने त्यांना परत धाडलं. राणांची सत्ता 1951मध्ये गेली. लगेच पुढच्या वर्षी पोखऱ्यात रामघाटाजवळ मंडळी उभी राहिली, तीही डेव्हिड मुखिया यांच्यासारख्या नेपाळीभाषक माणसांच्या पुढाकाराने.

दार्जिलिंगमध्ये स्कॉटिश मिशनचं काम होतं. जालन्यातही स्कॉटिश मिशनच होतं आणि इथेही काम उभं केलं ते एका देशी माणसाने. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण. 1843मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर ढवळून निघालं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता. तोही मिशनऱ्यांकडे गेल्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग दुसरा वाद उभा राहिला. मुलगा परत आला खरा, पण त्याला जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू घेतली आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. 'दर्पण'कार म्हणून आपण बाळशास्त्रींना दरवर्षी आठवतो, हे प्रकरण मात्र क्वचितच. धर्मांतरावरून समाज किती तापतो, हे समजायला मराठी माणसाला नेपाळपर्यंत जायची गरज नाही.

1860च्या दशकात शेषाद्री जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजांची छावणी असली तरी मुलूख परका आणि कायदा वेगळा. त्यांनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक लोक मांग समाजातले. गावकुसाच्या आत ज्यांना जागा नव्हती, त्यांना तिथे घर मिळालं आणि जमीन कसायला मिळाली. नेपाळमध्येही तामांग, चेपांग आणि दलित वस्त्यांमध्येच मंडळ्या जास्त फोफावल्या. ख्रिस्ती होण्यामागे श्रद्धा असते, तशी माणूस म्हणून वागवलं जाण्याची भूकही असते. यातलं एकच खरं मानणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटतात.

नेपाळशी आपल्या भागाचा आणखी एक धागा आहे. 'युनायटेड मिशन टू नेपाळ' या संस्थेची स्थापना 5 मार्च 1954 रोजी नागपुरात झाली. तानसेन आणि काठमांडूतली मिशनची रुग्णालयं या संस्थेच्या छत्राखाली चालली. नेपाळ सरकारची अट स्पष्ट होती: दवाखाने चालवा, शाळा काढा, धर्मांतर नको. सालारजंगांच्या मर्जीखेरीज जसं बेथेल झालं नसतं, तशीच ही रुग्णालयंही नेपाळ सरकारच्या परवानगीखेरीज चालली नसती.

ती अट आज थेट कायद्यात आहे. 2015च्या राज्यघटनेने नेपाळला धर्मनिरपेक्ष म्हटलं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली. 2018पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढलं जातं. 2021मध्ये डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने एका पाळकाला 2 वर्षांची शिक्षा सुनावली होती. अपिलात ती कमी झाली.

म्हणूनच जालन्याहून जाणाऱ्या गटाने चौकात पत्रकं वाटणं, रुग्णांवर हात ठेवून प्रार्थना करतानाचे व्हिडिओ मोबाइलवर टाकणं, मुलांना खाऊ देऊन गाणी शिकवणं, हे टाळलेलं बरं. गट सुनौलीच्या बसमध्ये बसून निघून जातो. त्या व्हिडिओवरून चौकशी झाली तर पोलीस ठाण्यात बसतो तो यजमान पाळक, आणि शेजाऱ्यांची नजर बदलते ती त्याच्या बायकामुलांवर. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, फोटो काढायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावं. त्याने एखाद्या गावाला नको म्हटलं तर कारण विचारत बसू नये.

मग जायचंच कशाला? माझ्या मते उपासनेत बसायला, ऐकायला आणि परतीचं आमंत्रण द्यायला. शेषाद्री 1873मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले, तेव्हा जालन्याबद्दल जालन्यातच काम करणारा माणूस बोलला. नेपाळच्या पाळकालाही मराठवाड्यातल्या मंडळ्यांपुढे तसं बोलता यायला हवं. त्याचं मनमाडपर्यंतचं तिकीट काढणं तरुण संघाच्या एका सहलीपेक्षा स्वस्त पडेल.