तांब्याच्या डोंगरावरचे विहार

बामियान म्हटले की आपल्या घरातील शाळकरी मुलालाही कळते. मार्च २००१ मध्ये तालिबानने तेथील दोन प्रचंड बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या, ती जखम अजून भरलेली नाही. पण त्याच अफगाणिस्तानात मेस आयनक नावाचे ठिकाण आहे, हे माहीत आहे का असे विहारातील बैठकीत आम्ही विचारतो, तेव्हा फार थोडे हात वर होतात. तेथे सुरुंग लागायचे आहेत ते द्वेषापोटी नव्हे, तांब्यासाठी. म्हणूनच निषेधाचा ठराव करून या प्रश्नातून मोकळे होता येत नाही.

काबूलच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर, लोगर प्रांतात हा उघडाबोडका डोंगराळ मुलूख आहे. फारसी भाषेत मेस म्हणजे तांबे. पोटात जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक तांब्याचा साठा, आणि पाठीवर स्तूप, विहार, भिक्खूंच्या खोल्या, तटबंदी आणि आख्खी वसाहत! उत्खननात रंग टिकून असलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती निघाल्या, नाणी निघाली, भित्तिचित्रे निघाली. आणि आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तांबे गाळण्याच्या जुन्या खुणा आणि मळीचे ढीगही निघाले. दीड हजार वर्षांपूर्वी तेथे खाणकामगारही होते आणि भिक्खूही होते. तांब्याच्या धंद्यातून आलेल्या दानावर विहार उभे राहिले असावेत, असे अभ्यासक म्हणतात. खाण आणि विहार एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, हे तो डोंगरच सांगतो.

२००८ साली अफगाण सरकारने चीनच्या कंपन्यांबरोबर ३० वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ३ अब्ज डॉलर. २००९ पासून अफगाण व फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने उत्खनन सुरू केले, कारण उघडी खाण झाली की वरचे सगळेच जाणार होते. हलवता येईल ते काबूलच्या संग्रहालयात गेले. पण मूर्ती हलवता येते, विहार कसा हलवणार? त्यात परिसरातील गावांनाही उठावे लागले. त्या गावकऱ्यांपैकी कोणी बौद्ध नव्हते. पण खोदकामाच्या मजुरीवर तेथील कित्येक माणसे राबली आणि तथागताच्या मूर्तींवरची माती त्यांच्याच हातांनी बाजूला झाली. आपण मेस आयनकचे दुःख करताना या माणसांना विसरू नये.

युद्ध, पैशाचे वाद आणि पडलेला तांब्याचा भाव यांमुळे खाण वर्षानुवर्षे रखडली. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि जुलै २०२४ मध्ये खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामाचा शुभारंभ झाला. वरचे अवशेष राखून भुयारी पद्धतीने तांबे काढता येईल का, अशीही चर्चा झालेली आहे. तसे करायला खर्च जास्त येतो. सगळे घोडे तेथेच अडते.

काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, खाण नकोच. आम्हाला हे पटत नाही. आमच्या आईचा तांब्याचा हंडा घरात आहे, भिंतीतल्या विजेच्या तारेत तांबे आहे, आणि दरिद्री देशाला उत्पन्न नको असे सांगणारे आपण कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-धनबाद भागातील कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाण बंद करा असे ते म्हणाले नाहीत. खाणीत राबणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी पाहिले. आज त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी लागते. खाणीच्या वर राहणाऱ्याला कोणी विचारले का?

ओडिशात विचारले गेले. नियमगिरी डोंगरात बॉक्साइट आहे आणि डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला आपला नियमराजा मानतात. वेदान्त कंपनीचा कारखाना पायथ्याच्या लांजीगढला आधीच उभा होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या पावसाळ्यात १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. हा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्यातून आला. मेस आयनकच्या गावकऱ्यांच्या हाती असा कागद नव्हता.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रात डोंगर म्हटला की लेणे, आणि डोंगर म्हटला की खडीची खाण! संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत खाणकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत निर्बंध आहेत. पण हे संरक्षण यादीत नाव असेल तरच. आमचा जन्म कारकुनीत गेला. कागदावर नाही ते नाहीच, हे आम्हाला दुसऱ्याने शिकवायला नको.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार कार्यकर्ते एका गावातील खाणीच्या जनसुनावणीला गेलो होतो. अहवालाचा मराठी सारांश तलाठ्याकडून मागून घेतला. त्यात लिहिले होते, परिसरात पुरातत्त्वीय महत्त्वाचे स्थळ नाही. मंडपापासून हाकेच्या अंतरावर टेकडीत कोरलेल्या दोन खोल्या आणि पाण्याचे टाके होते! गुराखी पावसात तेथे बसतात, उन्हाळ्यात विहीर आटली की बाया त्याच टाक्याचे पाणी भरतात. त्या खोल्या कोणी कोरल्या, हे आम्ही ठामपणे सांगू शकत नव्हतो. एक म्हातारी मात्र उठली आणि साहेबांना म्हणाली, "बाबा, ते कुणाचं का असंना, आमचं पाणी तिथं हाय." इतिवृत्तात तिचे वाक्य आले नव्हते. आम्ही लेखी अर्ज देऊन ते घालायला लावले.

वाचकांपैकी ज्यांच्या गावाजवळ अशी यादीबाहेरची लेणी, टाकी, जुने दगड असतील त्यांनी फोटो काढावेत, जवळची खूण आणि गट नंबर लिहावा, ग्रामसभेत नोंद घेऊन ठरावाची प्रत पुरातत्त्व खात्याला स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. जनसुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, तेव्हा वाचनालयात जाणाऱ्या मुलांना ती शोधायचे काम द्यावे.

त्या टेकडीचे मोजमाप आमच्या महिला मंडळाने एका रविवारी साडीच्या काठाला गाठी मारून केले. टाके साडेनऊ हात लांब भरले. अर्ज गेला आहे, पोचपावती आमच्या टेबलाच्या खणात आहे, उत्तर यायचे आहे.